रुखवतावरचा जिलेटीन कागद

"आवाज नाहीच यात," डॉक्टर फरजाना शिकलगार म्हणाल्या. "नुसती गाणी आहेत."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," मी म्हटलं. "आवाज असता तर घरी बसूनच नसता का ऐकला?"

माझी जीभ जरा तिखट आहे, मला ठाऊक आहे. पण तासगावहून पुण्यापर्यंत सासूबाईंना आणायचं, त्यांनी वाटेत दिसेल त्या टपरीवर "इथला चहा बरा दिसतोय" म्हणायचं, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर हे ऐकायचं! फरजानाबाई मात्र हसल्या. मिरजेच्या असल्यानं आमच्याकडच्या बोलण्याची त्यांना सवय असावी.

पडद्यावर माझ्या सासूबाईंचं लग्न चाललं होतं. विटा, सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. बदामाच्या आकारात नवरीचा फोटो गरगरत आला, थांबला, आणि त्यातून पाकळ्या सांडल्या. खाली सिनेमाची संथ गाणी. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांना मांडवातला खरा आवाज म्हणजे कटकट वाटायची. पोरांची रडारड, आचाऱ्याच्या हाका, कोण ऐकणार? सगळा पुसायचा आणि वर गाणी चढवायची. त्या दशकातल्या महाराष्ट्रातल्या निम्म्या नवऱ्या अशा मुक्या होऊन कपाटात पडल्यात.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या इस्त्रीचं पातळ नेसून, मांडीवर पर्स धरून, स्वतःलाच बघत बसल्या होत्या.

"काय ऐकायचंय तुम्हाला यात?" फरजानाबाईंनी त्यांना विचारलं.

"माझी आई," आई म्हणाल्या. "लग्नानंतर वर्षाच्या आतच गेली काविळीनं. तिचा आवाज कुठंच नाही हो. मला विसरायला झालाय. तिनं मला एकदा शालन म्हणलेलं ऐकायचंय."

शालन हे त्यांचं माहेरचं नाव. शालन तोडकर. याच मांडवात ताटात तांदूळ पसरून, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात 'वृंदा' लिहिलं आणि त्या वृंदा जमदाडे झाल्या. त्यांच्या तोडकर मंडळींतलं आता कोणी उरलं नाही, त्यामुळे शालन म्हणणारंही कोणी नाही.

मी माहितीपट करते. गेली दोन वर्षं याच विषयावर काम चाललं होतं: लग्नात नाव बदललेल्या बायका. नाव ठेवलं होतं 'दुसरं नाव'. कुणी जुन्या नावानं अजून सही करते, कुणाला जुन्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. पण सगळ्यांत जबरदस्त मुलाखत आमच्या घरातच निघाली. कॅमेऱ्यासमोर आई शांतपणे म्हणाल्या होत्या, "सासूबाईंबरोबर मी तीस वर्षं एका घरात राहिले. त्यांनी एकदासुद्धा माझं नाव घेतलं नाही. अगं, ए, ऐकलंस का. कुत्र्याला नाव होतं आमच्या, मला नव्हतं. आधी माझं नाव काढून घेतलं आणि जे दिलं तेही कधी वापरलं नाही."

ही मुलाखत ज्यानं पाहिली त्यानं ती पुन्हा लावायला सांगितली. एका मोठ्या महोत्सवानं अर्धवट कापलेला माहितीपट बघून निवडही करून टाकली. त्यातल्या सासूबाई म्हणजे माझ्या आजेसासूबाई, सुभद्राआजी. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण माझ्या माहितीपटात खलनायिका त्याच होत्या, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

आईंचं माझ्यावरचं ऋणही इथंच सांगून टाकते. माझ्या लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढं केलं, तेव्हा आईंनी ते भर मांडवात उचललं. "तिला नाव आहे. ऋजुता. चांगलंय," एवढंच बोलल्या आणि ताट घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा मसालेभात केला. मी आजवर कुणाकुणाला काय काय बोलले असेन, पण या बाईंना उलटून बोलताना माझी जीभ आपोआप आत जाते.

"बघू या," फरजानाबाई म्हणाल्या आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. "आवाज म्हणजे काय? हवेचे धक्के. तुम्ही बोललात की समोरचा कागद, पान, वाटीतलं पाणी, सगळं थरथरतं. थरथर इतकी बारीक, की केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नसेल. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या चित्रात ती उतरलेली असते. आमचं कंपनवाचक यंत्र चित्रातली ती थरथर मोजतं आणि तिच्यावरून मागं जाऊन आवाज काढतं."

"एवढ्या जुन्या कॅमेऱ्यात?" मी विचारलं.

"जुना आहे हेच नशीब. तेव्हाच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असायची. ती सबंध चित्र एकदम टिपत नव्हती, ओळीमागून ओळ वाचायची. सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी. म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित पुढच्या क्षणाची. कागद थरथरत असेल तर ओळी किंचित डावी-उजवीकडे सरकलेल्या सापडतात. पुढचे कॅमेरे सबंध चित्र एका झटक्यात घ्यायला लागले, त्यातून एवढं मिळत नाही. तुझ्या लग्नाच्या व्हिडिओतून मी काही काढू शकणार नाही."

"बरंच आहे," मी म्हटलं. माझ्या मावश्या काय बोलल्या असतील ते न कळलेलंच बरं.

"फक्त दोन गोष्टी हव्यात. हलकी, ताणलेली वस्तू आणि न हलणारा कॅमेरा."

मग शोध सुरू झाला. तोरणाची पानं वाऱ्यानं हलत होती, बाद. मुंडावळ्या नवरीच्या मानेबरोबर हलत होत्या, बाद. कॅमेरावाला तर एका जागी उभा राहीना. आई हळूहळू खुर्चीत मागं सरकायला लागल्या. आणि मग रुखवत आलं.

टेबलांवर टेबलं. लाडू, करंज्या, चिरोटे, मोत्यांनी मढवलेले नारळ, कापसाच्या बाहुल्यांचं लग्न, लोकरीचा कुत्रा. मुलीकडच्यांनी महिनाभर खपून केलेलं सगळं कौतुक मांडलेलं, आणि प्रत्येक ताटावर पिवळा जिलेटीन कागद, वर ताणून दोऱ्यानं बांधलेला. कॅमेरा तिपाईवर ठेवलेला. चित्र हलत नव्हतं. बराच वेळ हलत नव्हतं.

"हा माणूस गेला कुठं?" फरजानाबाईंनी विचारलं.

आईंना एकदम हसू फुटलं. "जेवायला! बाबूराव कॅमेरावाला. पहिल्याच पंगतीला बसला म्हणून माझे दीर त्याच्यावर किती चिडले होते. कॅमेरा चालूच राहिला असणार."

तसंच झालं होतं. आणि पुढं गाणं लांब पडलं म्हणून त्यानं तो तुकडा कापला नाही, भरतीला ठेवून दिला. चित्राच्या कडेला दोन-तीन बायकांचे पदर दिसत होते. कॅमेऱ्यामागं माणूस नाही म्हणजे कॅमेरा बंद, असं समजून बायका रुखवताशी उभ्या राहून मनमोकळं बोलत होत्या.

"ताणलेला जिलेटीन कागद," फरजानाबाई पडद्याला नाक लावत म्हणाल्या. "एक नाही, वीस. अहो, मी स्वतः मांडणी केली असती तरी इतकी चांगली जमली नसती."

आठवड्यानं त्यांनी बोलावलं. आईंनी या वेळी वाटेत कुठंच चहा मागितला नाही.

"एक नियम आधीच सांगते," फरजानाबाई म्हणाल्या. "पडद्यावर शब्द उमटतील. काळे शब्द यंत्रानं खरोखर मोजलेले. जिथं मोजता आलं नाही तिथं जागा कोरी. कोरी जागा यंत्र अंदाजानं भरू शकतं, पण ते शब्द राखाडी दिसतील. मी विचारल्याशिवाय भरत नाही."

आवाज सुरू झाला. डब्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा. भांड्यांची खणखण, मग एक बाई.

"मी काय म्हणते वन्सं, पोरीचं नाव कशाला बदलायचं? शालन चांगलं हाय की."

आईंनी माझा हात घट्ट धरला. "ह्या सासूबाई आहेत," त्या म्हणाल्या. "ऋजुता, ह्या आमच्या सासूबाई आहेत गं!"

दुसरा आवाज जाड, हुकमी. सुभद्राआजींच्या थोरल्या नणंदेचा. घरात शब्द चालायचा तो हिचा.

"रीत हाय ती. नाव न बदलता सून घरात घेतली असं झालंय का कधी? तू गप्प बस."

"बसते. पण पोरीच्या आईला तरी इचारा की. बोला हो तुम्ही."

आणि मग तिसरा आवाज. बारीक, घाबरलेला, भराभर बोलणारा. आईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते.

"बदला हो, बदला. आमचं काही म्हणणं नाही. नाव राहिलं तर पोरगी अजून आमचीच असं म्हणतील लोकं, तिला तुमच्यात धरणार नाहीत. घरी आली की आम्ही शालनच म्हणू की तिला."

"घ्या! आईच म्हणतीय," नणंद म्हणाली.

"म्हणू दे. माझं बदललं ते निराळं, मी..." इथं शब्द तुटले. कोणीतरी ताटावरचा कागद हलवला असावा. मग पुन्हा सुभद्राआजी, "...हिचं आईबापानं हौसेनं ठेवलंय. ते पुसायचं म्हणजे..." आणि बाबूराव जेवून परत आला. चित्र हललं, आवाज गेला.

मग आई म्हणाल्या, "माझ्या आईचं परत लावा."

आईंची आई, पारूबाई तोडकर, पुन्हा बोलल्या. घरी आली की आम्ही शालनच म्हणू की तिला. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा आईंना रडू आलं. "मांडवपरतणीला गेले तेव्हा म्हणालीच असेल," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हा कुठं वाटलं लक्षात ठेवावं. तिला वाटलं आपण आहोतच. मला इतकी वर्षं वाटायचं, तिनं एका शब्दानं अडवलं नाही. तिनं तिच्या परीनं माझी सोयच बघितली की. आणि डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू? मी तिला विसरले नव्हते. ऐकल्याबरोबर ओळखलं."

फरजानाबाईंनी उगाच चष्मा पुसला. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. खलनायिका म्हणून उभी केलेली बाई एकटीच या मुलीच्या बाजूनं भांडत होती. माझा माहितीपट डोळ्यांदेखत उलटा झाला होता, पण अजून चांगला झाला असता! फक्त ते एक तुटलेलं वाक्य हवं होतं.

"कोरी जागा भरून बघू या ना," मी म्हटलं.

फरजानाबाईंनी आईंकडे पाहिलं. आईंनी मान हलवली. राखाडी अक्षरं उमटली. "माझं बदललं ते निराळं, मी नको म्हणत होते, मला कुणी विचारलं नाही."

मी खुर्चीवरून उठलेच. "हेच! आई, हेच ते. त्यांचंही नाव हिसकावून घेतलेलं, म्हणून त्या तुमच्यासाठी भांडल्या. हे मी सुरुवातीलाच घेते."

"कुणी सांगितलं त्या असं म्हणाल्या?" आईंनी विचारलं.

"यंत्र म्हणतंय."

"यंत्राला कसं ठाऊक?"

"ठाऊक नाही," फरजानाबाई स्वच्छ म्हणाल्या. "बायकांच्या हजारो मुलाखती, लेख, भाषणं त्याला वाचायला दिलीत. अशा ठिकाणी आजकाल बहुतेक बायका जे म्हणतात, ते यानं लिहिलं."

"मग ते पुसा," आई म्हणाल्या.

"अहो आई, एक वाक्य तर आहे! खाली 'अंदाजानं भरलेलं' असं लिहीन की."

"नाही. त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत. त्या जिवंत होत्या तेव्हा मी तीस वर्षं तेच केलं. त्या गप्प, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं बोलतेय. ह्यांना मी आवडत नाही, मी ह्यांना सून वाटत नाही. सगळं माझंच. पुसा हो ते." मग माझ्याकडे वळल्या. "त्यांचं माहेरचं नाव काय होतं गं?"

मला ठाऊक नव्हतं. मी नवऱ्याला फोन लावला, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव?" तो म्हणाला, "सुभद्रा." मी म्हटलं, लग्नाआधीचं. पलीकडून नुसतं "अं..." ऐकू आलं. चुलत सासऱ्यांना विचारलं, तेही तसंच. तीन पिढ्या जिच्या हातचं जेवल्या, तिचं मूळ नाव कोणालाच सांगता येईना.

"गौरामावशी आहेत," शेवटी आईंना आठवलं. "सासूबाईंची पाठची बहीण. जतच्या पुढं राहतात. नव्वदीला आल्या असतील. मी त्यांच्याकडे कधी गेलेच नाही. सासूबाई जायच्या दर वर्षी, मी आपली म्हणायची, जाऊ दे, चार दिवस घर मोकळं."

आम्ही पुण्याहून तशाच निघालो. महोत्सवाचा फोन येत होता, मी तो उपडा करून ठेवला. सांगलीच्या अलीकडे आई म्हणाल्या, "ती माझी मुलाखत काढून टाक पिक्चरमधून."

"आई! तो कणा आहे त्याचा."

"असू दे. मी खोटं नाही बोलले, पण अर्धंच बोलले."

मी गाडी चालवत राहिले. वाद घालायला शब्द तयार होते, पण सांगितलं ना, या बाईंपुढं माझी जीभ आत जाते. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "बरं, काढू नकोस. पण तिच्या लगेच पुढं हे ठेव. माझं आधी, त्यांचं नंतर. लोकांना दोन्ही कळू दे."

"ठेवते," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

गौरामावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण बोटं टकाटक चालली होती. मी म्हटलं, "मावशी, आम्ही तासगावच्या जमदाड्यांकडून आलोय. मी नातसून." आई माझ्या मागं पायरीवर गप्प बसल्या. मी कॅमेरा लावायचं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "लाव की बाई. मला कुठं दिसतोय?"

मी आवाज लावला. पहिल्याच वाक्याला मावशींच्या हातातली शेंग गळली.

"अगं बया! अक्का! ही तर अक्का बोलतीया!"

'माझं बदललं ते निराळं' इथपर्यंत आलं आणि आवाज तुटला. मावशींनी क्षणभरही न थांबता पुढचं म्हणून टाकलं, "मी सुटले."

"काय?"

"असंच म्हणायची ती नेहमी. माझं बदललं ते निराळं, मी सुटले. सुटणारच की! नकुसा होतं न्हवं तिचं नाव."

आमच्या भागात असं असायचं, ऐकून होते. मुलीमागून मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा ठेवायचं. नकोशी. म्हणजे देवाला कळावं आणि पुढचा मुलगा व्हावा.

"चौथी पोरगी ती," मावशी सांगत होत्या. "तिला नकुसा म्हणले, मुलगा व्हावा म्हणून. तर झाले मी! माझ्या येळेला बाप दमला बघ, त्यानं नीट नाव ठेवलं." आणि त्या बिनदाताचं खळखळून हसल्या. "आमी समद्या, थोरल्यासुदीक, तिला अक्काच म्हणायचो. नाव तोंडातनं काढवत नव्हतं कुणाला."

"मग सुभद्रा कुणी ठेवलं?"

"तिनंच! मांडवात तांदूळ पसरले, नवरदेव अंगठी घेऊन बसला, भटजी म्हणाला, काय नाव लिहायचं? जो तो एकमेकाच्या तोंडाकडं बघतोय. तर ही बाशिंगाखालनं म्हणाली, सुभद्रा लिवा. समदा मांडव हसला. आमच्या शाळेच्या मास्तरांची पोरगी होती सुभद्रा. तिचा बाप तिला रोज हाताला धरून शाळेत सोडायचा. अक्का शेण गोळा करता करता बघत बसायची."

राखाडी अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं आली. मला कुणी विचारलं नाही. किती सहज मी ते खरं मानून जगभर दाखवलं असतं! नाव बदलणं म्हणजे हिसकावणं, एवढंच मला ठाऊक होतं. या बाईनं ते स्वतः मागून घेतलं होतं. आणि म्हणूनच हौसेनं ठेवलेल्या नावाची किंमत सबंध मांडवात तिला एकटीला कळली होती. मी मनात त्या कोऱ्या जागेचे आभार मानले, आणि ती कोरी ठेवायला लावणाऱ्या आईंचे त्याहून जास्त.

"आणि ही दुसरी कोण गं?" मावशींनी पायरीच्या दिशेनं मान वळवली. "मघाधरनं मुसमुसतीया."

"मी वृंदा," आई कशाबशा म्हणाल्या. "त्यांची सून."

"वृंदा? ती कोण? अक्काच्या तोंडी सून एकच. शालन."

आईंनी मान वर केली.

"दर वर्षी यायची अन् चार दिवस दुसरं काय नाही," मावशी आपल्या नादात बोलत होत्या. "आमच्या शालनला बालवाडीत नोकरी लागली. आमची शालन लोकरीचं लई छान विणती. शालनला आई न्हाई, तिला कुणी लागट बोललेलं मला खपत न्हाई. शालन, शालन, शालन. कान किटायचे."

"घरात कधी म्हणाल्या नाहीत हो," आई म्हणाल्या. "तीस वर्षांत एकदासुद्धा नाही."

"कशी म्हणंल? वन्संपुढं हरली ना ती. घरात ते नाव घ्यायचं न्हाई असा शबूद घेतला तिच्याकडनं. मग अक्का म्हणाली, शालन म्हणायला बंदी तर बंदी, पण दुसरं नाव माझ्या तोंडात यायचं न्हाई. लई हट्टी. वन्सं गेल्यावरसुदीक शबूद मोडला न्हाई." मावशी थांबल्या. मग हात पुढं करून चाचपत विचारलं, "पण तू कोण म्हणालीस?"

आई पायरीवरून उठल्या, मावशींच्या पुढ्यात शेंगांच्या टरफलांतच बसल्या आणि तो सुरकुतलेला हात स्वतःच्या गालाला लावला.

"मी शालन, मावशी. सुभद्राबाईंची शालन."

"अगं मग आधी सांगायचं न्हाई!" मावशींनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला, कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली, आणि घराकडं तोंड करून ओरडल्या, "अगं सूनबाई, अक्काची शालन आलीया! पुरणाचं घाल!"

आई डोळे पुसत लगबगीनं उठायला लागल्या. "राहू दे हो मावशी, कशाला त्रास. थांबा, मी जाते आत, हाताखाली बघते काहीतरी."

मावशींनी त्यांचा हात सोडला नाही.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "माहेरी आल्यावर काम करायचं नसतं."

आई बसल्या.